एका कपाटांतील पुस्तकें

गेल्या ज्येष्ठांत आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाच्या अग्रशाळेंतील पुस्तकांचें कपाट उघडून त्याची याद करण्याचें काम आमच्याकडे आलें. कपाट सागवानी, दोन कवाडांचें, एका कांचेला तडा गेलेला. वरच्या फळ्यांवर पोथ्या व स्तोत्रसंग्रह होते. मधल्या फळ्यांवर हरिभाऊ आपटे, नाथमाधव, वामन मल्हार यांच्या कादंबऱ्या होत्या. आणि अगदीं खालीं, जेथें पावसाळ्याची ओल प्रथम लागते तेथें, ज्यांना कोणी सहसा ग्रंथ म्हणणार नाहीं अशीं पुस्तकें कोंबलेलीं होतीं: तीर्थयात्रेच्या माहितीच्या पुस्तिका, आगगाडीचीं वेळापत्रकें, जुनीं पंचांगें, एक पाकशास्त्र, पत्रलेखनाचे नमुने, मुंबई शहराची एक वाटाडी. समितीचा ठराव असा होता कीं, वरचें व मधलें वाङ्मय नीट बांधवून ठेवावें आणि खालची किरकोळ छपाई रद्दींत द्यावी.

ठराव कोणी वाईट हेतूनें केला नव्हता. जागा थोडी, वाळवी फार, आणि बांधणावळीला पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न प्रत्येक देवस्थानापुढें असतो. तरी ती खालची फळी रिकामी करतांना आमचा हात अडखळला. कोणतें पुस्तक राखावें आणि कोणतें टाकावें याचा हा विवेक आपण कोठून शिकलों, असें आम्हांला वाटूं लागलें. आणि मराठी ग्रंथांचा इतिहास पाहूं गेल्यास त्याला फारसा आधार मिळत नाहीं असें दिसून आलें. तेंच येथें थोडें विस्तारानें सांगावें असा आमचा मानस आहे.

आरंभ अर्थातच तेराव्या शतकापासून करावा लागतो. मराठींतील आद्य चरित्रग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो तो म्हाइंभटांचा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ त्या शतकाच्या अखेरीचा. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्यापाशीं होत्या त्यांच्याकडे जाऊन, एकाचें सांगणें दुसऱ्याशीं ताडून म्हाइंभटांनी तो सिद्ध केला. त्यांतील माणसें जेवतात, रुसतात, थट्टा करतात, चोरांना भितात. आजच्या कादंबरीकारालाहि हेवा वाटावा अशी ती जिवंत भाषा आहे. त्याची कीर्ति सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच पंथांत, पुढच्या म्हणजे चौदाव्या शतकांत, मुनि व्यास कोठी यांच्या नांवावर असलेला दुसरा एक ग्रंथ निर्माण झाला, त्याचें नांव 'स्थानपोथी'. या पोथींत कथा नाहीं, अलंकार नाहीं. स्वामी कोणत्या गांवीं राहिले, तें देऊळ गांवाच्या कोणत्या अंगाला, त्याचें दार कोणत्या दिशेला, ओटा कोठें, तेथून पुढचें स्थान कोणीकडे, एवढेंच ती सांगते. ज्या भाविकाला रिद्धपुराला किंवा पैठणाला जाऊन त्या त्या जागीं माथा टेकावयाचा आहे, त्याच्या हातीं द्यावयाची ही सरळसरळ वाटाडी आहे.

दोन्ही ग्रंथ एकाच श्रद्धेंतून जन्मले. एकानें सांगावें, दुसऱ्यानें न्यावें. महानुभावांनी आपलें वाङ्मय सांकेतिक लिप्यांत जपून ठेविल्यामुळें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इतरांना त्याचा पत्ता नव्हता. तो लागल्यावर पंडितांचें लक्ष प्रथम 'लीळाचरित्रा'कडे जावें हें साहजिकच होतें. परंतु यादवकालीं महाराष्ट्रांतल्या गांवोगांवीं देवळें कोठें होतीं, कोणत्या देवतांचीं होतीं, त्यांच्या भोंवतीं काय होतें, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्याला 'स्थानपोथी'च उघडावी लागते. त्यांतील कित्येक देवळें आज उभीं नाहींत. पोथी लिहिणाऱ्यानें त्यांचा इतिहास लिहावयाचें मनांतहि आणलें नव्हतें. वाटसरूची चुकामूक होऊं नये एवढीच त्याला काळजी होती.

आमच्या गोमंतकीय वाचकांना तर याचें मर्म वेगळें सांगावयास नको. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. मूळ ठिकाणच्या देवळांचे चिरेहि राहिले नाहींत. त्या काळच्या कोणा कवीनें त्या स्थलांतराचें साद्यंत वर्णन करून ठेविलें असतें तर किती बरें झालें असतें! तें आपल्या हातीं नाहीं. हातीं आहेत त्या पोर्तुगीज अंमलदारांनी महसुलासाठीं केलेल्या देवळांच्या जमिनींच्या नोंदी. कोणत्या गांवीं कोणत्या देवाची कोणती जमीन, हें त्यांनी आपल्या स्वार्थासाठीं लिहिलें. पाडलेल्या देवळांचीं नांवें सांगणारा त्याइतका विश्वसनीय पुरावा आज दुसरा थोडाच असेल. रुक्ष कागदांची निंदा करणाऱ्या साहित्यप्रेमी मंडळींनी एकदां तरी हें ध्यानांत आणावें.

आतां छापखान्याच्या काळाकडे येऊं. येथें आम्हांला तीन माणसांविषयीं लिहावयाचें आहे. तिघेहि आपल्याच बाजूचे. एक गोव्याचे, दोघे बेळगांवाकडचे.

पहिले बाबा पदमनजी, जन्म 1831 सालीं बेळगांवास. त्यांनी पुढें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या गोष्टीचा त्यांच्या लेखनावर पुरता ठसा आहे. आमच्या वाचकांना तो मानवेल असें नाहीं. तथापि मराठींतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून जिचा निर्देश होतो ती 'यमुनापर्यटन' त्यांनीच 1857 सालीं प्रसिद्ध केली, हें कोणालाहि नाकारतां येणार नाहीं. तिच्या नांवाकडे वाचकांनी पाहावें. तिला जन्मतःच 'पर्यटन' हें नांव पडलें. नायिका नवऱ्याबरोबर प्रवासास निघते आणि ठिकठिकाणीं विधवांची स्थिति पाहते, असा तिचा सांगाडा आहे. कथेला प्रवासाची काठी हातीं घेतल्याशिवाय पाऊल टाकतां येत नव्हतें असें म्हटल्यास चालेल. आणि हेच गृहस्थ त्याच सुमारास काय करीत होते? शब्दकोश रचीत होते. कादंबरी लिहिणारा हात आणि शब्दांच्या अर्थांची जुळवाजुळव करणारा हात एकच होता, आणि त्याचें त्या काळीं कोणाला नवल वाटलें असेल असें आम्हांला वाटत नाहीं.

दुसरे गोविंद नारायण माडगांवकर. जन्म 1815, गोव्यांतला. पुढील सारें आयुष्य मुंबईंत, शिक्षकाच्या पेशांत. यांच्या पुस्तकांचीं नांवें वाचतांना आजच्या टीकाकाराला हंसूं येईल: 'शुचिर्भूतपणा', 'ऋणनिषेधक बोध', 'वृक्षवर्णन', 'दारूपासून अनर्थ'. अंग स्वच्छ कसें ठेवावें, कर्ज कां काढूं नये, झाडें कोणतीं, असल्या विषयांवर लिहिणाऱ्याला आपण वाङ्मयाच्या इतिहासांत एक ओळ देऊन मोकळे होतों. परंतु 1863 सालीं याच लेखकानें 'मुंबईचें वर्णन' हें पुस्तक काढलें. मुंबईचे तलाव, बाजार, जहाजें, छापखाने, गिरण्या, आगगाडी, मुंबादेवी, वाळकेश्वर, महालक्ष्मी, नाना जातींचे लोक, त्यांचे सण आणि त्यांचा धंदा असा त्याचा विस्तार आहे. अमेरिकेंतल्या यादवीमुळें कापसाचा भाव चढला होता आणि शहरांत पैशाचा पूर लोटला होता तें हें वर्ष. दोनच वर्षांनी, 1865 सालीं, तो पूर ओसरला. शेअरांच्या बाजारांत अनेकांची धूळधाण झाली. आणि त्याच वर्षीं माडगांवकरहि वारले. म्हणजे भरतीच्या ऐन घटकेला, तिला ओहोटी लागण्यापूर्वीं, एका गोमंतकीय शिक्षकानें किनाऱ्यावर उभें राहून सारें पाहिलें आणि टिपून ठेविलें.

या पुस्तकाला काय म्हणावें? नवख्या माणसाला शहराची ओळख करून देणारें तें मार्गदर्शक आहे. पण त्यांतील वर्णन इतकें डोळस आणि रसाळ आहे कीं, मुंबईच्या देवळांत, बाजारांत, धक्क्यावर आपण स्वतः फिरत आहों असा भास व्हावा. न. र. फाटकांच्या संपादनानें त्याची नवी आवृत्ति 1961 सालीं निघाली आणि 2008 मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर झालें. माडगांवकरांच्या काळचीं जीं पुस्तकें 'ललित' म्हणून नांवाजलीं गेलीं, त्यांतलीं किती दीडशें वर्षांनंतर पुन्हां छापण्याच्या योग्यतेचीं ठरलीं हें कोणी मोजून पाहावें.

तिसरे रामचंद्र भिकाजी गुंजीकर. 1843 सालीं बेळगांवनजीक जांबोटी येथें जन्म, व्यवसाय शिक्षकाचाच. 1867 सालीं 'विविधज्ञानविस्तार' हें मासिक सुरू झालें, त्याच्या संस्थापकांपैकीं व संपादकांपैकीं ते एक. त्यांतून त्यांची 'मोचनगड' ही कादंबरी क्रमशः आली आणि 1871 सालीं पुस्तकरूप झाली. मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी ती हीच. शिवकाल, गड, वेढा, वेषांतर, सर्व कांहीं तींत आहे. पण गुंजीकर तेवढ्यावर थांबले नाहींत. 'लाघवी लिपि' नांवाचें त्वरेनें लिहिण्याची युक्ति शिकविणारें पुस्तक त्यांनी केलें. संस्कृत व्याकरणावर लिहिलें. 1884 सालीं 'सरस्वतीमंडळ' लिहून ब्राह्मण ज्ञातींची, विशेषतः सारस्वतांची, माहिती एकत्र केली. हें शेवटचें पुस्तक आपल्या पुष्कळ देवस्थानांच्या कपाटांत अजून सांपडतें. तें ज्ञातीच्या अभिमानानें जपलें गेलें. 'लाघवी लिपि' कोणी जपली असेल तर आमच्या पाहण्यांत तरी आलेली नाहीं.

मासिकाचें नांवच पाहा. विविध ज्ञान, आणि त्याचा विस्तार! कादंबरीच्या प्रकरणाशेजारीं व्याकरणाची चर्चा, शेजारीं शास्त्रीय विषय, त्याशेजारीं नव्या ग्रंथांचें परीक्षण. तें 1937 सालापर्यंत चाललें. सत्तर वर्षें मराठी वाचक एका अंकांत हें सर्व वाचीत होता आणि त्याची जात बाटत नव्हती. 'मोचनगड' वाचणाऱ्यानें लघुलेखन शिकूं नये असें त्याला कोणी सांगितलें नव्हतें.

हरिभाऊंची थोरवी आम्ही पूर्ण मानतों. 'पण लक्षांत कोण घेतो' सारखें पुस्तक शतकांत एखादेंच. परंतु त्यांच्यानंतर कादंबरीची प्रतिष्ठा जसजशी वाढली तसतशी बाकीच्या पुस्तकांची पंगत वेगळी बसूं लागली. प्रवासवर्णनांपुरती मात्र पुढें गंमत झाली. अनंत काणेकरांचें 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' 1940 सालीं आलें, पु. ल. देशपांडे यांचें 'अपूर्वाई' 1960 सालीं आलें, आणि प्रवास करणाऱ्याचें मन हाच प्रवासाचा मुख्य मुलूख ठरला. हीं पुस्तकें घरीं बसून वाचावयाचीं. तीं बरोबर घेऊन कोणी विलायतेस जात नाहीं. त्यांत उणें कांहींच नाहीं, आम्ही स्वतः 'अपूर्वाई' तीनदां वाचली आहे. पण वाट दाखविणारीं पुस्तकें मात्र त्या दिवसापासून अधिकच खालच्या फळीवर गेलीं.

या वाटणीनें काय हरवतें याचें उत्तम उदाहरण विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचा हा याज्ञिक ब्राह्मण. घरीं कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, एवढें ऐकून तो 1857 सालीं चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाला. महूच्या आसपास बंडाची बातमी लागली. पुढें 1858 च्या वसंतांत झांशीच्या वेढ्यांत तो प्रत्यक्ष सांपडला. परत येतांना त्याच्याजवळ द्रव्य फारसें नव्हतें, मात्र गंगेची कावड खांद्यावर होती आणि तिनें त्यानें आईबापांना स्नान घातलें. वैद्य घराण्याचा तो उपाध्या. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यानें पुष्कळ वर्षांनी हें सर्व लिहून काढलें, आणि त्याच्या मृत्यूनंतर 1907 सालीं वैद्यांनी 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला. वैद्यांनी मजकुरांत बरीच काटछांट व फेरफार केले होते. मूळ लेखनाबरहुकूम आवृत्ति दत्तो वामन पोतदारांनी काढली ती 1966 सालीं.

विष्णुभटाला साहित्यिक व्हावयाचें नव्हतें. कोठें काय मिळालें, कोणी कसा आदर केला, कोणत्या गांवीं विहीर कशी, बाजार कसा, हें तो भिक्षुकाच्या चौकस नजरेनें सांगत जातो. आणि त्याच नजरेनें राणी लक्ष्मीबाईची दिनचर्याहि सांगतो. झांशी पडल्यावर तेथील प्रसिद्ध ग्रंथसंग्रहाची जी नासधूस झाली तीहि त्यानें नोंदली आहे. अशीं पानें वाचतांना मोठमोठ्या कादंबऱ्या फिक्या वाटतात. तें पुस्तक कोणत्या फळीवर ठेवावयाचें, हें समितीनें आम्हांला सांगावें! कपाटांत त्याची प्रत होती, आणि ती खालच्याच फळीवर, 'प्रवास' या शब्दामुळें वेळापत्रकांच्या गठ्ठ्यांत गेलेली होती.

पुस्तकाचें मोल त्याच्या प्रतिष्ठेवर नसतें याचा याहूनहि बोलका दाखला गोव्यांतच आहे. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म 1876. शिक्षण बेताचें, घरचीं नारळाचीं झाडें सांभाळण्यांत दिवस जात होते. अशा स्थितींत 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकांतलें बुद्धचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. मासिक मिशनऱ्यांचें, वाचक सारस्वत, चरित्र बुद्धाचें. त्या चार पानांनी जें बीं पेरलें तें पुढें असें उगवलें कीं, 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडलें. पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, शेवटीं सिंहलद्वीप. काशींत ते अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकले. पालीचा एवढा मोठा पंडित महाराष्ट्राला मिळाला तो अशा वाटेनें. त्यांचें 'निवेदन' 1924 सालीं प्रसिद्ध झालें. आमच्या मतें मराठी आत्मचरित्रांत त्याचें स्थान फार वरचें आहे; पण तें वाचतांना एखाद्या निर्धन विद्यार्थ्यानें काशीस कसें राहावें याची माहितीहि त्यांतच मिळून जाते.

याच कोसंबींना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये वेतन देऊं केलें. अट एवढीच कीं, त्यांनी महाराष्ट्रांत राहावें आणि वर्षाला एक पुस्तक द्यावें. कलकत्त्याची अधिक पगाराची जागा सोडून त्यांनी तें पत्करलें. सयाजीरावांची पुस्तकांकडे पाहण्याची दृष्टि किती उदार होती तें बडोद्याच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे. 1910 सालीं त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर ग्रंथालयांचें जाळें विणलें. राजवाड्यांतील पुस्तकें लोकांसाठीं खुलीं झालीं. स्त्रियांसाठीं निराळा विभाग, मुलांसाठीं निराळा विभाग. आणि जेथें ग्रंथालय नाहीं अशा खेड्यांत पुस्तकांच्या लांकडी पेट्या फिरूं लागल्या. पेटींत काय भरावें हें ठरवितांना गोष्ट आणि माहिती यांचें भांडण तेथें लागलें नाहीं. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला चित्रें दाखवावीं, इतपर्यंत त्यांची तयारी होती. पेटी बैलगाडींतून गांवांत येत असेल तेव्हां कोणी पोथी मागितली असेल, कोणी शेतीचें पुस्तक, कोणी कादंबरी. आपल्याकडे आधीं कपाटाला कुलूप लागतें, आणि मग किल्ली कोणाकडे याचा वाद.

इतकें म्हटल्यावर दुसरी बाजूहि प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. उपयुक्त म्हणवणारें प्रत्येक पुस्तक उपयुक्त असतेंच असें नाहीं. आमच्या त्या खालच्या फळीवर तीर्थयात्रेच्या अशा कित्येक पुस्तिका निघाल्या कीं, एकीनें दुसरीवरून उतरून घ्यावें, दुसरीनें तिसरीवरून, आणि कोणाचाहि पाय त्या गांवीं लागलेला नसावा. एकींत दोन देवळांच्या दिशाच उलट छापल्या होत्या. अशीं पुस्तकें म्हणजे यात्रेकरूशीं केलेली फसवणूकच होय. गणेश सदाशिव लेले यांच्या 1885 च्या 'तीर्थयात्राप्रबंधा'सारख्या ग्रंथाशीं त्यांची तुलना करूं नये. पण रद्दी कादंबऱ्याहि कमी नव्हत्या, आणि त्या मात्र बांधणीला जाणाऱ्या ढिगांत होत्या!

एक पुस्तिका आम्ही बाजूला काढून ठेवली आहे. मुखपृष्ठ गेलेलें, छापखान्याचें नांव गेलेलें. तींत बेळगांवाकडून लोंढ्यावरून आगगाडीनें गोव्यांत उतरून फोंडें महालांतील देवस्थानांना कसें जावें, बैलगाडी कोठें मिळते, अग्रशाळेंत उतरण्याकरितां काय सोबत न्यावें, हें साध्या भाषेंत दिलें आहे. आगगाडीच्या पानाच्या समासांत कोणी निळ्या शाईनें लिहिलें आहे, 'गाडी बंद', आणि खालीं साल 1955. त्या वर्षीं भारत व पोर्तुगीज गोवा यांमधील आगगाडीचा संबंध तुटला आणि कुलदेवतेच्या दर्शनाला दरवर्षीं येणारीं किती तरी कुटुंबें सीमेपलीकडे अडकून राहिलीं. समासांतलें हस्ताक्षर बाईचें असावें असें आम्हांला वाटतें. पुढच्या पानावर त्याच शाईनें अभिषेकाच्या साहित्याची यादी आहे, पूर्ण केलेली, सुपारीच्या संख्येसकट.

समितीपुढें आम्ही याद ठेवली ती दोन भाग न पाडतां, वर्णानुक्रमें एकच. 'मुंबईचें वर्णन' आणि 'मोचनगड' त्यामुळें जवळजवळ आले. अध्यक्षांनी ती लक्षपूर्वक वाचली व बांधणावळीचा आंकडा विचारला. आम्ही सांगितला. तो मोठा आहे. पुढील बैठक चवथीनंतर आहे. तोंवर वेळापत्रकें, पंचांगें आणि ती पुस्तिका एका पोत्यांत घालून, कडुनिंबाचा पाला मध्यें पसरून, अग्रशाळेच्या जिन्याखालीं ओल लागणार नाहीं अशा उंच फळीवर आम्ही ठेवविलीं आहेत.